चौकोनी पेटीला गोल पोट: मॉडेल विमानाची बॉडी खालून गोल कशी करायची

बाल्साच्या, म्हणजे अगदी हलक्या मऊ लाकडाच्या, पेटीला खालून गोल करायचं ठरलं की बहुतेकांचा हात आधी पॉलिश पेपरकडे जातो. थांबा. गोलाई किती येणार, हे पेटीच्या आत काय चिकटवलंय त्यावर आधीच ठरून गेलेलं असतं. आत लाकूड कमी असेल तर कितीही जपून घासा, कुठेतरी आरपार उजेड दिसणारच. आत नीट भरलेलं असेल तर घासणं एका संध्याकाळचं काम आहे.

पुढची मापं एका नेहमीच्या आकाराच्या विमानासाठी धरली आहेत. पंख १२०० मिमी, बॉडी सर्वांत रुंद जागी ८० मिमी आणि शेपटीशी ३० मिमी, बाजू ३ मिमी बाल्साच्या, फॉर्मर (बॉडीला आकार देणारे आतले आडवे पाट) ३ मिमी लाइट प्लायचे, मोटर इलेक्ट्रिक. तुमचं विमान लहानमोठं असेल तर आकडे बदलतील, हिशेब तोच राहील.

मुळात गोल करायचं का?

हा प्रश्न आधी विचारा. या आकाराच्या आणि वेगाच्या विमानात गोल पोटामुळे हवेचा अडथळा फारसा कमी होत नाही. फायदा दुसरीकडे आहे: बॉडी पिळायला घट्ट होते, हातातून सोडताना पकड चांगली बसते, चाकं नसतील तर उतरताना पोट जमिनीवरून सरकतं, आणि दिसायला अर्थातच फरक पडतो. पण पायपर कबसारखं विमान करत असाल तर त्याचं पोट सपाटच असतं, तिथे हौसेने गोलाई दिली की विमान कुठलंच राहत नाही. हॉकर हरिकेन करत असाल तर मागच्या अर्ध्या बॉडीवर कापडाखालून स्ट्रिंगरच्या, म्हणजे लांबीत जाणाऱ्या काड्यांच्या, रेघा दिसल्या पाहिजेत, तिथे गुळगुळीत शीटिंग (पातळ लाकडाचं आवरण) चुकीचं ठरेल. स्पिटफायरला मात्र पूर्ण गुळगुळीत, अंडाकृती पोट हवं.

त्यानुसार रस्ता निवडायचा. नुसते कोपरे मारायचे असतील तर आतून त्रिकोणी पट्टी लावतात. पूर्ण अर्धगोल हवा असेल तर प्लँकिंग, म्हणजे अरुंद पट्ट्या शेजारी शेजारी बसवणं. गोलाई एकसारखी आणि सरळ असेल तर ओली करून वाकवलेली शीटही चालते. पूर्ण ठोकळा लावून कोरायचा चौथा रस्ता आहे, पण तो फक्त नाकापुरता ठेवा. ८० मिमी रुंद, ४० मिमी उंच आणि ६०० मिमी लांब बाल्साचा ठोकळा कोरण्याआधी पाव किलोच्या आसपास भरतो. तेवढ्याच पोटाचं ३ मिमी प्लँकिंग ३० ग्रॅमच्या आत बसतं.

लाकूड आधी काट्यावर

आपल्याकडे बाल्सा बहुतेक वेळा कुरिअरने येतो, बोटाने दाबून निवडायची सोय नसते. म्हणून पाकीट उघडलं की प्रत्येक शीट स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा आणि वजन पेन्सिलीने कोपऱ्यात लिहा. ३ मिमी जाड, ७५ मिमी रुंद आणि ९१५ मिमी लांब शीट २१ ग्रॅम भरली तर घनता घनमीटरला साधारण १०० किलो. ४१ ग्रॅम भरली तर २००. दोन्ही एकाच पाकिटातून निघतात. हलकी शीट शेपटीकडच्या पोटाला, जड शीट मधल्या पट्टीला आणि नाकाकडे. शेपटीकडे चढलेला १ ग्रॅम तोलायला नाकात २-३ ग्रॅम घालावे लागतात, त्यामुळे ही वाटणी टाळू नका.

मग शीट दोन्ही हातांनी रुंदीत हलकेच वाकवा. सहज गुंडाळली जाते ती ए-ग्रेन, पोटाला हीच लागते. ताठ राहते आणि पृष्ठभागावर चमकदार ठिपके दिसतात ती सी-ग्रेन. ती रिब्जसाठी, म्हणजे पंखातल्या फासळ्यांसाठी, बाजूला ठेवा. सी-ग्रेन वाकवायला गेलात की कडाडून फुटते.

कोपरे मारायचे असतील तर

३ मिमीच्या बाजू आणि ३ मिमीचा तळ एवढंच असेल तर कोपऱ्याला जेमतेम ६ मिमी त्रिज्येची गोलाई देता येते. त्यापुढे भिंत उरत नाही. म्हणून तळ बंद करण्याआधी खालच्या दोन्ही कोपऱ्यांत आतून १५ मिमीची त्रिकोणी पट्टी पूर्ण लांबीत चिकटवा. फॉर्मरना तेवढे कोपरे आधीच कापून ठेवा, नाहीतर पट्टीचे तुकडे करावे लागतील आणि प्रत्येक सांधा घासताना वेगळा लागेल.

आता खुणा. हवी ती त्रिज्या ०.५९ ने गुणा. २० मिमी त्रिज्या हवी असेल तर कोपऱ्यापासून बाजूवर १२ मिमी आणि तळावर १२ मिमी अशा दोन रेघा पूर्ण लांबीत ओढा. या दोन रेघा जोडणारा सपाट तिरका काप आधी घ्या. छोटा रंधा असेल तर त्याने, नाहीतर लांब ठोकळ्यावर ८० नंबरचा पेपर लावून. काप सपाटच हवा. इथे हात गोल फिरवायचा मोह आवरा. मग त्या कापाच्या दोन्ही कडांवर तसेच दोन बारीक काप घ्या. म्हणजे एका कोपऱ्याचे तीन सपाट चेहरे झाले. त्यानंतरच पेपर गोल फिरवायचा. दोन्ही बाजूंची गोलाई सारखी येते ती अशाच रेघांमुळे. नुसत्या नजरेवर डावा कोपरा उजव्यापेक्षा जाड राहतो.

किती घासता येईल याची मर्यादा कुठे आहे, ते बघा, कारण ती लोकांना वाटते तिथे नसते. १५ मिमीची पट्टी लावली की ३० मिमी त्रिज्येलाही कोपऱ्याच्या मधोमध सव्वादोन मिमीहून जास्त लाकूड शिल्लक असतं, म्हणून माणूस बिनधास्त घासत राहतो. पण पट्टी जिथे बाजूवर संपते तिथे तेव्हा जेमतेम अर्धा मिमी उरलेला असतो. भोक कोपऱ्यात पडत नाही, वर पट्टीच्या काठाला पडतं. २५ मिमी त्रिज्येला त्याच जागी २ मिमी उरतात. म्हणून १५ मिमीच्या पट्टीला २५ ही हद्द धरा. जास्त हवी असेल तर मोठी पट्टी घ्या किंवा सरळ प्लँकिंगकडे वळा.

प्लँकिंग

अर्धगोल पोटासाठी माझी पसंती यालाच. वेळ लागतो, पण नाकाकडे दोन्ही दिशांनी वळणारा आकारही यात बसतो, आणि सगळं काम हाताच्या आटोक्यात राहतं.

पेटी उलटी करून सपाट बोर्डावर पक्की करा. तळावर अर्धे फॉर्मर उभे करायचे. नकाशातली बाहेरची रेघ गिरवून फॉर्मर कापू नका. पट्टीची जाडी आतून वजा करा. बाहेरून ४० मिमी त्रिज्या हवी आणि पट्ट्या ३ मिमीच्या, तर फॉर्मर ३७ मिमीचा. प्रत्येक फॉर्मरवर मधली रेघ ठळक हवी. सगळे बसले की ३ मिमी चौकोनी बाल्साची लांब काडी नाकापासून शेपटीपर्यंत वेगवेगळ्या जागी टेकवून बघा. जिथे काडी टेकत नाही तो फॉर्मर खाली आहे, त्याच्या डोक्यावर बाल्साची कपची चढवा. जिथे काडीला ढोपर येतं तो वर आहे, त्याला घासा. इथे खर्च केलेला अर्धा तास पुढे वसूल होतो.

पट्ट्या किती रुंद, यासाठी सूत्र नको. सर्वांत रुंद जागी कागदाची पट्टी तयार पोटाइतक्या गोलाईवर एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत गुंडाळा, सरळ करा आणि मोजा. ४० मिमी त्रिज्येला साधारण १२६ मिमी भरेल. मधे एक आणि दोन्ही बाजूंना सहा-सहा अशा १३ पट्ट्या धरल्या तर प्रत्येकी ९.७ मिमी. शेपटीशी तीच मोजणी ४७ मिमी येते, म्हणजे प्रत्येकी ३.६. मधल्या फॉर्मरनाही असंच करा आणि पट्टीच्या लांबीवर त्या त्या जागी खुणा करा. ३.६ मिमीच्या खाली जायची वेळ आली तर १३ ऐवजी ११ पट्ट्या घ्या. अगदी बारीक टोकं हातात चुरा होतात.

एका बाजूची पट्टी आणि तिची दुसऱ्या बाजूची जोडी एकाच शीटमधून शेजारी शेजारी कापा. वेगळ्या शीटमधून घेतल्या तर एक जास्त ताठ निघते आणि बॉडी तिच्याकडे ओढली जाते. सगळ्या पट्ट्या एकावर एक रचून टाचण्यांनी अडकवा आणि निमुळतेपणा एकदमच घासून घ्या. मग प्रत्येकीच्या कडा किंचित तिरक्या करा. १३ पट्ट्यांना प्रत्येक कडेला साधारण ७ अंश पुरतात. ३ मिमी जाडीत ते अर्ध्या मिमीपेक्षाही कमी आहे. पेपर लावलेला ठोकळा जरा कलता धरून दोन हात मारले की झालं. कडा तिरकी केली नाही तर आतून पट्ट्या भिडतात आणि बाहेर फट राहते.

आधी मधली पट्टी, मधल्या रेघेवर. तिच्यानंतर एक डावी, एक उजवी, परत एक डावी, एक उजवी. एका बाजूच्या सहाही उरकून मग दुसरीकडे वळलात तर बॉडी वाकते किंवा पिळते, आणि ती नंतर कशानेही सरळ होत नाही.

गोंद कमी. पांढरा फेव्हिकॉल कडेच्या आतल्या दोन तृतीयांश भागालाच लावा, बाहेरचा काठ कोरडा ठेवा. बाहेर आलेला फेव्हिकॉल घासताना गरम होऊन रबरासारखा गोळा होतो. इन्स्टंट ग्लू बाहेर आला तर त्याची रेघ बाल्सापेक्षा कितीतरी कठीण होते, शेजारचं लाकूड खाली जातं आणि रेघ वर राहते. फॉर्मरवर टेकण्यापुरता त्याचा एक थेंब ठीक. तो हवेतल्या ओलाव्याने धरतो, त्यामुळे आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी नेहमीपेक्षा उशिरा धरतो. ‘बाटली शिळी झाली’ म्हणून फेकू नका. लाकडावर तोंडाची वाफ सोडली तरी फरक पडतो, मात्र ती गोंद लावण्याआधी सोडा, नंतर धूर डोळ्यांत जातो.

ऐन पावसाळ्यात प्लँकिंग शक्यतो टाळा. बाल्सा दमट हवेत फुगतो, आणि तुम्ही फुगलेल्या पट्ट्या घट्ट बसवता. मार्चमध्ये त्या आक्रसल्या की प्रत्येक सांधा वर इस्त्रीने चिकटवलेल्या प्लास्टिकच्या फिल्मखालून मोजता येतो.

शेवटच्या दोन पट्ट्या बसवण्याआधी आत हात घालून बघा. पुशरॉडच्या (शेपटीचे पंखे हलवणाऱ्या काड्यांच्या) नळ्या, चाकांच्या तारेची प्लाय, बॅटरीचा पट्टा, जे काही आतून लावायचं ते आत्ताच.

ओली शीट

पोट लांबीभर एकसारखं किंवा सरळ निमुळतं असेल तर हा रस्ता झटपट आहे. चालेल की नाही हे कागद सांगतो: साधा कागद फॉर्मरवर सुरकुती न पडता बसला तर शीटही बसेल. कागदाला चुणी पडली तर लाकूड फुटेल.

साचा म्हणून पीव्हीसी पाईप. पाईप ६३, ७५, ९०, ११० मिमी अशा मापांत मिळतो. ८० मिमी रुंद पोटासाठी ७५ घ्या, कारण सुकल्यावर शीट थोडी उघडते. दुकानात मीटरभर पाईप मागितला की ‘बोअर का ड्रेनेज, मालक?’ असं विचारणारच. ‘विमानाला’ म्हणालात तर आणखी दहा मिनिटं जातील.

१.५ मिमीची ए-ग्रेन शीट गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवा. पाण्यात थोडा अमोनिया घातला तर लाकूड जास्त नरम पडतं, पण मग खिडक्या उघड्या हव्यात आणि ब्लीचची बाटली जवळपासही नको. दोन्ही मिसळले तर विषारी वायू होतो. अर्धा परीघ १२६ मिमी आणि शीट ७५ किंवा १०० मिमी रुंद, म्हणून पोट दोन भागांत करायचं, सांधा मधल्या रेघेवर.

भिजलेली शीट पाईपवर ठेवून कापडाच्या पट्टीने एका टोकाकडून गुंडाळत जा. आपल्या सोलापुरात कापडाला काय तोटा, पण इथे कापड निवडून घ्यावं लागतं. टेरी टॉवेल नको. भिजलेला बाल्सा इतका मऊ असतो की टॉवेलच्या फासांचे बारीक खड्डे त्यावर जसेच्या तसे उमटतात. चादरीची नक्षीही उमटते. जुन्या धोतराच्या तळहाताएवढ्या रुंद पट्ट्या सर्वांत चांगल्या, किंवा मेडिकलमधलं क्रेप बँडेज. गुंडाळताना प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर अर्धा चढवा आणि ताण सारखा ठेवा.

मग सावलीत. उन्हाळ्यात गच्चीवर ठेवलंत तर बाहेरची बाजू तासाभरात कोरडी होते, आतली ओली राहते आणि मधे उभी चीर जाते. घरात, पंख्यापासून लांब, रात्रभर. सकाळी सोडा, फॉर्मरवर टेकवून बघा, कडा छाटा आणि चिकटवा. ओली असताना चिकटवू नका.

नाकाचा ठोकळा

नाकाशी मोटरमागे दोन्हीकडे वळणारा भाग ठोकळ्यातून कोरणंच सोपं. ठोकळा आधी दोन-तीन थेंब गोंदावर तात्पुरता टेकवा, बाहेरून आकार पूर्ण करा, पातळ पातीने उचकटून काढा, आतून ५ मिमी भिंत ठेवून पोकळ करा, मग कायमचा चिकटवा. आधी पोकळ करून मग बाहेरून घासायला गेलात तर अंदाज राहत नाही.

घासणं

एक लांब ठोकळा बनवा. स्लायडिंग खिडक्या करणाऱ्यांकडे ॲल्युमिनियम सेक्शनचे तुकडे पडलेले असतात. ४०-५० सेंटीमीटरचा सरळ तुकडा आणि दुहेरी टेपने चिकटवलेला पेपर. तो एका वेळी किमान तीन फॉर्मरवर टेकला पाहिजे. छोटा ठोकळा किंवा नुसतं बोट वापरलं की फॉर्मरच्या मधलं मऊ लाकूड दबून जास्त घासलं जातं, फॉर्मरवरचं कमी, आणि विमानाच्या बरगड्या दिसायला लागतात.

प्लँकिंगच्या सांध्यांवरचे उंचवटे जेमतेम ०.३ मिमीचे असतात, त्यामुळे काढायचं फार नसतं. १२० नंबरने सुरुवात करा, ठोकळा लांबीत, पण किंचित तिरका चालवत. उंचवटे गेले की कापडी पेपरची दीड-दोन इंची लांब पट्टी बुटाला पॉलिश मारतात तशी दोन्ही हातांनी आडवी ओढा, अगदी हलक्या हाताने. ९० मिमीचा पाईप लांबीत अर्धा चिरून आत १८० चा पेपर लावला तर ८० मिमीच्या पोटाला जवळपास नेमकी बसणारी अंतर्गोल कानस तयार होते. शेवट नेहमी लांबीत, २४० आणि ३२० ने. आडवे ओरखडे राहिले तर रंगाखाली तेच आधी दिसतात.

तपासायला साचे हवेत. लग्नपत्रिकांचे जाड पुठ्ठे यासाठी उत्तम. प्रत्येक फॉर्मरसाठी बाहेरच्या मापाचा अर्धा आकार कापा, मधली रेघ मारा, आणि तोच साचा उलटवून डावी-उजवी दोन्ही बाजू तपासा. अधूनमधून सगळ्या पोटावर पेन्सिलीने हलक्या रेघोट्या मारून लांब ठोकळा फिरवा. रेघोट्या जिथे राहतात तो खड्डा. मग खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च पोटाला जवळजवळ टेकवून लांबीत धरा. दिवसाच्या उजेडात सपाट दिसणारं पोट इथे खरं काय ते सांगतं.

फटी भरायला भिंतीची पुट्टी नको, जड होते आणि बाल्साबरोबर घासली जात नाही. हलकं फिलर घ्या, नाहीतर बाल्साचाच बारीक भुसा सँडिंग सीलरमध्ये कालवा. तोंडावर मास्क हवा, आणि पंखा बंद.

पोटाला कवच

नुसती फिल्म लावायची असेल तर इथे थांबता येतं. पण आपल्या भागात विमान उतरतं ते मुरमावर किंवा काढणी झालेल्या ज्वारीच्या रानात. ज्वारीची धसकटं तिरकी कापलेली, सुकून टणक झालेली असतात आणि फिल्म व १.५ मिमी बाल्सा दोन्ही सहज भेदतात. पोटाच्या पुढच्या दोन तृतीयांश भागाला चौरस मीटरला २५ ग्रॅम भरणारं फायबरग्लास कापड लावा. कापड कोरडं पसरा, मधल्या रेघेपासून बाहेर पातळ इपॉक्सी सारा, जुन्या एटीएम कार्डाने जास्तीचं ओढून काढा आणि टिश्यू पेपरने टिपा. कापडाची वीण स्पष्ट दिसत राहिली पाहिजे. चकचकीत दिसलं तर राळ जास्त झाली. पाच-सहा ग्रॅममध्ये काम होतं.

रान निवडताना होटगी रस्त्यावरचं विमानतळ आता चालू आहे हे लक्षात ठेवा. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही, ८ ते १२ किलोमीटरमध्ये २०० फुटांच्या वर नाही. यात शहराचा बहुतेक भाग जातो. सरकारच्या डिजिटल स्काय या ऑनलाइन नकाशावर आपलं रान आधी तपासा.

कापड किंवा फिल्म लावण्याआधी पोटावर नखाचे, टेबलाच्या कडेचे खड्डे असतील तर ते भरू नका, उचला. खड्ड्यावर पाण्याचा एक थेंब सोडा, मिनिटभर मुरू द्या, वर ओल्या सुती कापडाचा तुकडा ठेवून गरम इस्त्रीचं टोक दोन सेकंद टेकवा. दबलेलं लाकूड फुगून वर येतं. पूर्ण सुकल्यावर ३२० चा एक हात मारा. इस्त्री थेट लाकडावर मात्र टेकवू नका.